हरवलेला उसासा

"अनसे, जिवंत आहेस की पडलीस?" पुढून मधूनं विचारलं.

"पडले असते तर घागर वाजली नसती का!" डोक्यावरची घागर सावरत अनसूया म्हणाली.

सातारचं त्या वर्षीचं मे महिन्याचं ऊन म्हणजे काय सांगावं! सांडलेलं पाणी जमिनीला टेकायच्या आत वाळत होतं, आणि कावळे उडायचा कंटाळा करून चक्क पायी चालले होते. दुसरं महायुद्ध संपून वर्ष होत आलं, तरी माणसांचा शीण काही गेला नव्हता. रेशनच्या रांगेत दमायचं, पाण्याच्या रांगेत दमायचं आणि घरी येऊन दमल्याचं एकमेकांना सांगायचं.

अनसूया जन्मली साताऱ्यातच. पण वडिलांची बदली झाली आणि बिऱ्हाड सांगलीला गेलं. तीन वर्षांनी ती सुट्टीला बनुआत्याकडे आली, तर पेठ ओळखू येईना! चिंच तोडलेली, तालमीच्या जागी लाकडाची वखार, आणि आत्याच्या दारासमोरचा, एरवी कायम भरलेला हौद कोरडा ठणठणीत! पोरं त्यात उतरून गोट्या खेळत होती. आत्याची मुलं, मधू आणि धाकटी पद्मा, लांबच्या हौदावरून दिवसभर पाणी वाहत. आता अनसूयाही त्यात सामील झाली. ते सगळं पाणी चंद्री म्हैस एका दमात संपवी आणि 'बाकीचं कुठं ठेवलंत?' अशा नजरेनं बघे.

घागर उतरवून आत्या उंबऱ्यावर बसली. "बास झालं, बाबांनो. माझी कंबर आता न्हाई ऱ्हायली. रविवारी कोरेगावचा यापारी येतोय. चंद्री जाईल त्याच्यासंगं."

पद्मानं चंद्रीच्या गळ्यात हात टाकले. "आई, चंद्री गेली तर मी जेवणार नाही!"

"आन् ती ऱ्हायली तर मी ऱ्हाणार न्हाई," आत्या म्हणाली. बोलण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"आत्या, हौद आटला कधी?" अनसूयेनं विचारलं.

"दिवाळीपासनं. नळ लय जुना, मेला म्हणत्यात."

"आणि वरच्या अंगाचा तो उसासा कुठं गेला?"

"कोणता उसासा?" मधूनं डोळे विस्फारले.

"अरे, दगडी मनोरा! डोंगराकडून येणारं पाणी त्याच्यात चढायचं, माथ्यावरच्या कुंडीत दम खायचं आणि मग आपल्या हौदाकडे उतरायचं. आपण त्याला कान लावून बसायचो!"

मधूनं डोकं खाजवलं. त्या रस्त्यानं तो रोज शाळेत जाई, पण मनोरा कधी दिसेनासा झाला ते त्याला सांगता येईना. अनसूयेच्या डोक्यात मात्र जुनी पेठ जशीच्या तशी उभी होती. डोळे मिटून, आठवणीच्या आधारानं ती चढावर चालू लागली; मधू आणि पद्मा मागोमाग. मारुतीपाशी वळली, पुढं गेली... आणि धाडकन एका पाटीवर आपटली!

"नाथाजीचं हाटेल!" पद्मा हसली. "दिवाळीत नवं झालं."

तिघं आत शिरली. कोपऱ्यात एक गिलावा केलेला जाडजूड खांब होता. त्याला हळद-कुंकू, फुलं. समोर दुधाची वाटी. इतक्यात खांबातून आवाज आला, 'फुस्स्स!'

"लांब ऱ्हावा, पोरांनो!" नाथाजी गरजला. "आत नागोबा हाय! मी शिराळ्याचा गडी. नागाचा आवाज मला कळत न्हाई व्हय? गवंड्यावर काम सोपवून गावाकडं गेलो हुतो. हाटेल बांधून झाल्यावर आलो, तर देव आदीच येऊन बसल्याला!"

अनसूयेनं भक्तिभावानं खांबावर डोकं टेकलं आणि ती दचकली. बाहेर येताच तिनं विचारलं, "मधू, नाग गार असतो?"

"असतो की."

"आणि ओला?"

मधूनं आ वासला. "उसासा!"

तिघं धावतच पेठेतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या तात्याबांकडे गेली. ते बाजेवर आडवे होते. सगळं ऐकून त्यांनी एक डोळा उघडला. "ऊन लागलंय तुमाला. घरला जावा." आणि कूस बदलून घोरू लागले!

"आता आपणच!" अनसूया म्हणाली. तिघं परत हॉटेलात आली.

"नाथाजीमामा, शिराळ्याला नाग धरतात तरी कसा?"

नाथाजीची कळी खुलली. "आगं, हातानं माती सारून बिळातनं अल्लद काढायचा! पंचमी झाली की जितला तितं सोडायचा. देवाला कोंडून ठेवणं लय पाप!"

"मग तुमचा देव बाहेर कुठून येतो? खांबाला भोकच नाही!"

"दूध तर मांजर पितंय! मी बघितलं!" पद्मानं ठोकून दिलं.

नाथाजीच्या हातातली किटली हवेतच राहिली. "आरं देवा! म्या दिवाळीपासनं कोंडला व्हय रं तुला?"

त्यानं धोतर खोचलं, पहार घेऊन बाकावर चढला, आणि "चुकलं, माफी कर" म्हणत एकेक वीट हलक्या हातानं काढू लागला. आत दिसला काळा दगड! पाण्यानं काठोकाठ भरलेली कुंडी! नाग कुठंच नव्हता. कोंडलेली हवा फटीतून फुसफुसत होती. आणि हौदाकडे उतरणाऱ्या तोंडात काथ्याचा भला मोठा बोळा, चुन्यानं माखलेला!

"गिलावा वाळावा म्हणून गवंड्यानं पाणी अडवलं," अनसूया ओरडली, "आणि बोळा आत विसरून वर भिंत बांधली! ओढा मामा!"

नाथाजीनं खांद्यापर्यंत हात घालून बोळा उपसला. गडगड गडगड! पाणी उताराला लागलं आणि पोरं त्याच्याशी शर्यत लावून पळत सुटली. पाणी जिंकलं! हौदात झोपलेलं कुत्रं असं उडालं, की रहिमतपूरला जाऊनच थांबलं म्हणतात.

अख्खी पेठ जमली. तात्याबा डोळे चोळत आले. "शाबास रं पोरांनो! आमी रोज तितंच चा पितो, पर येकाला दिसंल तर शप्पत!"

"देव न्हाई म्हणू नका," नाथाजी म्हणाला. "पानीबी देवच की!"

चंद्रीनं दावं तोडून हौदात तोंड घातलं होतं.

"यापाऱ्याला निरोप धाडा," बनुआत्या म्हणाली. "म्हस देत न्हाई." ती हौदाच्या काठाला टेकून बसली. अनसूयेला जवळ घेऊन तिनं "पोरी, तू..." एवढंच म्हटलं आणि बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला. अनसूया हलली नाही. म्हैस घटाघट पीत होती, आत्या घोरत होती, आणि त्या दुपारी पाणी आणायला कुणालाच जायचं नव्हतं.