ढम्याच्या गुडघ्यावरची रेघ

ढम्या चालताना "ढम, ढम" असा आवाज यायचा, म्हणून पोरांनी त्याचं नाव ढम्या ठेवलं. पण सोमवारपासून तो "ढम, कट्, ढम, कट्" असा चालू लागला आणि करंजखोरी गावाच्या जिवाला घोर लागला. हा यंत्रमानव रोज बारा मुलांना पाठीवरच्या पाळण्यात बसवून ओढ्यापलीकडच्या शाळेत पोचवायचा. भर पाण्यात त्याचा पाय मोडला तर?

गावानं ठरवलं, संध्याकाळपर्यंत दोष सापडला तर दुरुस्ती, नाहीतर उद्या ढम्या भंगारात.

पाचवीतली उर्वी जेवणावरून तशीच उठली. पहिलीपासून ती ढम्याच्या पाठीवर बसत आली होती. खंडेनवमीला गावात अवजारांची पूजा होई, तेव्हा ढम्याला रंगवायचा मान तिचा. त्याच्या डाव्या गुडघ्यावर ती दरवर्षी नवं झेंडूचं फूल काढायची.

दुपारी तिचे आबा पिशवी घेऊन आले. चांद्रगाड्यांचे सुटे भाग तपासण्यात त्यांची उभी हयात गेली होती. पिशवीतून त्यांनी मूठ असलेलं, दोन पायांचं एक यंत्र काढलं.

"आबा, हा खेकडा कसला?"

"हा हातात धरायचा विद्युतचुंबक (वीज असेपर्यंतच चुंबक होणारं यंत्र). डोळ्यांना न दिसणारी भेग हा दाखवतो."

"माझ्या आठवणी पुसल्या जातील का?" ढम्यानं हळूच विचारलं.

"तुझी अक्कल गुडघ्यात आहे का रे? मग घाबरतोस कशाला!" आबा म्हणाले. "पण उर्वी, आधी हा रंग खरवडायला हवा."

उर्वीचा चेहरा पडला. "माझं फूल?"

"एक नाही, फुलावर फूल अशी पाच आहेत. एवढ्या जाड मायेखालची भेग माझ्या खेकड्याला कशी दिसणार, सांग?"

उर्वीनं नाक ओढलं आणि स्वतःच रंग खरवडायची पत्री घेतली. तासाभरानं गुडघ्याची पोलादी वाटी लख्ख झाली. आबांनी चुंबकाचा एक पाय वाटीच्या वर आणि एक खाली टेकवला, बटण दाबलं. "आता टाक लोखंडाची भुकटी. अलगद फुंकर मार."

उर्वीनं भुकटी भुरभुरली. फुंकर मारताच ती सगळी उडून गेली. रेघ नाही की काही नाही.

"म्हणजे भेग नाहीच?" तिनं डोळे पुसले. "मग ढम्याला नेणार?"

"रडू नकोस. आधी मला सांग, शेताच्या पाटात काठी आडवी अडकली तर पाण्याचं काय होतं?"

"पाणी तुंबतं आणि काठावरून बाहेर येतं."

"अगदी तसंच. चुंबकाच्या दोन पायांमधून चुंबकरेषा (चुंबकाचा जोर ज्या वाटेनं जातो त्या रेषा) पोलादातून धावतात. वाटेत भेग आडवी आली की त्या तिथून बाहेर फुटतात. मग तिथं भुकटी ओढली जाते आणि रेघ उमटते."

पाटातली काठी उर्वीच्या डोळ्यांपुढून हलेना. एकदम ती म्हणाली, "आणि काठी पाण्याच्या दिशेनंच उभी पडली तर? पाणी बाजूनं निघून जाईल! आबा, भेग तशीच पडली असेल तर?"

आबांचे डोळे हसले. "मग काय करायचं?"

"खेकडा फिरवायचा!"

आता चुंबकाचे पाय वाटीच्या डावी-उजवीकडे टेकले. उर्वीनं पुन्हा भुकटी टाकली, श्वास धरून फुंकर मारली. उरलेली भुकटी उडाली, पण मधोमध केसाएवढी बारीक काळी रेघ चिकटून राहिली.

"सापडली!" उर्वीनं ढम्याच्या पायालाच मिठी मारली.

"एवढी वाटी बदलली की झालं," आबा म्हणाले. "शहाणी गं माझी बाय! अशी फिरवून बघणारी माणसं उद्या चंद्रावरच्या पुलांनाही लागणार आहेत."

चौथ्या दिवशी ढम्या पुन्हा "ढम, ढम" करत ओढा ओलांडून गेला.

पुढच्या खंडेनवमीला उर्वीनं त्याला नखशिखांत रंगवलं. विद्युतचुंबकालाही हळदकुंकू लावलं. डावा गुडघा तेवढा तिनं कोरा ठेवला आणि गंजू नये म्हणून तेलाचा हात फिरवला.

"इथं फूल नाही काढलंस?" ढम्यानं विचारलं. त्याला जरा वाईटच वाटलं होतं.

"नाही," उर्वी म्हणाली. "मला तू खूप वर्षं हवा आहेस."