दोन बोटं जागा

ही गोष्ट रचलेली नाही. सिंदी रेल्वे नावाच्या गावात स्टेशनच्या मागे हरिदासचं घर आहे. घराला लागून टिनाचं शेड. त्या शेडात एक पांढरी गाडी उभी आहे. ज्याला पाहायची असेल त्याने जाऊन पाहावी.

फक्त तिच्यात बसू नये.

२००३ सालचा एप्रिल होता. दुपारी तीनच्या सुमारास शेजारचा रूपराव मोटारसायकल घेऊन कापसाच्या जिनिंगच्या फाटकात आला. हरिदास तिथे फिटर होता.

"भाऊ, चाला."

"काऊन? काय झालं?"

"मॅडमची गाडी रस्त्यात उभी आहे."

"बंद पडली का?"

रूपराव खाली मान घालून उभा राहिला.

"गाडी चालू आहे, भाऊ..."

हरिदास हातातलं काम टाकून त्याच्या मागे बसला.

सेलूच्या रस्त्यावर, जिथे लांबवर एक झाड नाही, तिथे गाडी उभी होती. इंजिन सुरू. गिअरची दांडी डी वर, म्हणजे पुढे जायच्या खाचेत. आत सुलोचना, त्याची बायको, स्टेअरिंगवर डोकं टेकून बसलेली. उजवा पाय ब्रेकवर तसाच.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, त्यातच हृदय बंद पडलं.

सुलोचना सेलूकडच्या एका शाळेत शिकवायची. तिचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेलेला. क्लच दाबता येत नाही, म्हणून हरिदासने नागपूरहून ही बिनाक्लचची जुनी गाडी आणली होती. इकडच्या मिस्त्र्यांना तिचा गिअरबॉक्स समजत नसे. त्यामुळे त्यातलं लाल तेल तो घरीच बदलायचा.

त्या कामाला दोघं लागत. जॅकने पुढची चाकं उचलायची, खाली जिनिंगमधून आणलेले लाकडी ठोकळे सरकवायचे आणि गाडी त्यांवर सोडायची. मग पाठीवर झोपून खाली शिरायचं. पोट आणि लोखंड यांच्यात दोन बोटं जागा उरायची. नट खोलून जुनं तेल घमेल्यात काढायचं, नट लावायचा, बाहेर येऊन नवं तेल भरायचं.

नंतर सुलोचना आत बसायची. गाडी सुरू करून, ब्रेक दाबून दांडी एकेका खाचेत टाकायची. पी... आर... एन... डी. हरिदास समोर उभा राहून "हं" म्हणायचा, तेव्हाच ती पुढच्या खाचेवर जायची. शेवटी तो म्हणायचा, "झालं, उतर."

एकदा तो खालीच असताना ती आत बसली होती. गाडी तिच्या वजनाने दबली आणि हरिदास खाली चेपला गेला.

"अवं उतर! दबलो ना मी!"

"गाडीले काऊन बोलता? तुमचं पोट आडवं येऊन राह्यलं."

"उतरतं का नाई?"

"मंग उद्यापासून पोळ्या दोनच."

दोघं खूप हसले होते. तेव्हापासून घरात नियम झाला. तो बाहेर येईपर्यंत तिने बसायचं नाही.

आदल्या दिवाळीपासून ती म्हणत होती, "अहो, गाडी ओढून नाई राह्यली. इंजिन बोंबलते अन् चाक हलत नाई. तेल बदलून द्या ना."

"या रविवारी करतो."

असे किती रविवार गेले...

नवं तेल आणून ठेवलेलं होतं. डब्याचं झाकणही उघडलेलं नव्हतं.

ती गेल्यावर गाडी ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. हरिदासने दांडी पी वर, पार्किंगच्या खाचेत टाकली, किल्ली काढली, दारं लॉक केली. महिनाभर तो शेडाकडे गेला नाही. पण एक गोष्ट त्याला झोपू देत नव्हती. त्या दिवशी गाडी का थांबली? तेल जळलं असेल, तर ती रस्त्यात अडकली ती त्याच्यामुळे. त्या पायाने ती उन्हात किती चालणार होती?

तेल काढल्याशिवाय ते कळणार नव्हतं.

नवतपा सुरू होता, मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस. दुपारचे दोन. लोडशेडिंग. कूलर बंद, पंखे बंद. रूपराव घरच्यांसह कारंज्याला लग्नाला गेलेला. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

हरिदासने पुढची चाकं ठोकळ्यांवर घेतली. हँडब्रेक ओढलेलाच होता. मागच्या चाकांना दगड लावले. दारं लॉक होती. किल्ली त्याच्या शर्टाच्या खिशात होती.

तो खाली शिरला. घमेलं कानाजवळ ठेवलं. पान्याने नट सैल केला.

तेल आलं.

काळं. डांबरासारखं काळं... आणि जळकट वास.

हरिदासला जे कळायचं होतं ते कळलं. तो तसाच पडून राहिला. तेलाची धार घमेल्यात पडत होती. मग धार बारीक झाली. मग थेंब...

मग थेंबांचाही आवाज थांबला.

आणि वर काहीतरी करकरलं.

सीटचा आवाज. कोणी बसलं की येतो तो.

गाडी खाली आली.

एकदम नाही. हळूहळू... दोन बोटं.

लोखंड छातीवर टेकलं. खिशातली किल्ली बरगडीत रुतली. हरिदासने सरकायला पाहिलं, सरकता येईना. एक हात डोक्याजवळ अडकला होता. दुसऱ्या हाताने त्याने वर रेटलं. कोपर लागून घमेलं कलंडलं आणि ते काळं तेल त्याच्या पाठीखाली पसरलं.

"कोण आहे? कोण बसलं गाडीत?"

त्याने मोकळ्या हाताने पत्र्यावर ठोकलं.

"रूपराव! ए रूपराव!"

रूपराव घरी नाही, हे त्याला ओरडल्यावर आठवलं. पूर्ण श्वास आत जात नव्हता. गाडीच्या पुढून शेडाबाहेर निघालेले त्याचे पाय उन्हात भाजत होते.

वर ब्रेकचं पायडल दाबल्याचा आवाज आला.

मग...

खट्.

ती दांडी पी वरून किल्लीशिवाय हलत नाही. आणि किल्ली तर त्याच्या छातीत रुतलेली.

आवाज थांबला. पुढची खाच लागली नाही. वर कोणीतरी वाट पाहत होतं.

हे वाट पाहणं हरिदास ओळखत होता.

तो कसाबसा म्हणाला, "हं..."

खट्.

"हं..."

खट्.

आता दांडी डी वर होती. पुढे खाच नव्हती. पुढे त्याने बोलायचं होतं.

पण काय बोलणार? झालं? काय झालं होतं? जुनं तेल पाठीखाली सांडलेलं, नवं डब्यात. झालं म्हणण्यासारखं काहीच नव्हतं. खोटं तो पाच महिने बोलला होता.

लोखंड आणखी किंचित खाली आलं. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली.

"सुलो," तो म्हणाला, "नाई झालं. म्या केलंच नाई. तू म्हणत होती, अन् म्या केलं नाई."

लोखंड तसंच टेकून होतं.

"चुकलं माह्यं. तू किती वेळ बसून राह्यशीन इथं? उतर आता."

किती वेळ गेला ते त्याला सांगता येत नाही.

मग दार उघडलं. त्या दाराचा कुरकुर आवाज त्याच्या ओळखीचा होता.

गाडी वर गेली. दोन बोटं.

हरिदास तेलात घसरत बाहेर आला आणि भिंतीला टेकून बसला. बराच वेळ त्याला उठता आलं नाही. उठल्यावर त्याने पाहिलं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं होतं. दांडी डी वर होती. सीटवर कोणी नव्हतं.

दोन दिवसांनी रूपराव लग्नाहून परत आला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"भाऊ, ऊन लागलं असंन तुमाले. स्प्रिंग बसली असंन."

"बसली तं मंग उठली कशी?"

रूपरावने शेडाकडे पाहिलं. "चहा घेऊ," म्हणाला. पण चहा न घेताच घरी गेला.

त्या दुपारची एक गोष्ट हरिदासने रूपरावलाही सांगितली नाही. भिंतीला टेकून बसला होता, तेव्हा तो कान देऊन होता. सुलोचना उतरली की काठी टेकायची. टक्... आणि मागून ओढलेल्या पायाचा आवाज. तो आवाज त्या दिवशी आला नाही. दार उघडलं, गाडी वर गेली, आणि मग काहीच नाही. ती उतरली, पण गेली कुठे?

कदाचित शेडातच उभी असेल. काम होण्याची वाट पाहत.

किल्लीचा व्रण त्याच्या छातीवर अजून आहे. दर रविवारी तो शेडाच्या दारापर्यंत जातो.

गाडी अजून ठोकळ्यांवर आहे. खालचा नट लावायचा राहिला आहे. तो लावल्याशिवाय नवं तेल भरता येत नाही, आणि लावायचा तर परत खाली शिरावं लागतं.

तेलाचा डबा तसाच बंद आहे.