शेवाळी रंगाच्या चार लड्या

त्या चार लड्या तिच्याच होत्या, असं तिचं म्हणणं. फक्त त्या वेळी त्या दुसऱ्याच्या हातात होत्या, एवढंच.

दोऱ्यांचं ते दुकान म्हणजे एक अरुंद बोळच. दोन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी खण, आणि मधोमध स्टुलावर मालकीण. तिला सगळं गाव मावशी म्हणायचं. बाहेर दुपारपासून बारीक पाऊस लागलेला. ओल्या छत्र्या दारातल्या बादलीत टाकून गिऱ्हाइकं आत यायची आणि अंग चोरून उभी राहायची. ती शिरली ती थेट शेवाळी रंगाच्या खणापाशी गेली. खण रिकामा.

"आत्ताच गेल्या," मावशी म्हणाल्या आणि हनुवटीने दाखवून दिलं.

उंच, किडकिडीत माणूस. बोटांना वाळलेली खळ. हातात चार लड्या, आणि त्या तो उजेडाकडे धरून अशा निरखत होता, की जणू त्या काही बोलणार आहेत.

"त्या मला हव्या होत्या," ती म्हणाली.

"मलाही," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याने मान जराशी खाली घातली... तिच्या ते उगाचच लक्षात राहिलं.

मग उभ्याउभ्याच बोलणं झालं. तो पुस्तकबांधणी करणारा. गावच्या वाचनालयातली जुनी पुस्तकं खिळखिळी झाली होती, ती पुन्हा शिवून द्यायला तीन महिन्यांसाठी आलेला. छत्तीस खंडांची एक हिरवी रांग होती. प्रत्येक खंडाच्या पाठीला वर आणि खाली रेशमाची बारीक गोट शिवावी लागते, आणि ती या रंगाखेरीज दुसऱ्या कशाने शोभली नसती. तिने आपल्या टेबलक्लॉथचं सांगितलं. कडेने फिरणारी वेल, साठ पानं, त्यातली अठरा भरून झालेली. तो गंभीरपणे ऐकत होता. भरतकामाबद्दल इतकं गंभीर होऊन आजवर तिचं कुणी ऐकलं नव्हतं.

मावशींनी सांगितलं, की नवा माल येईल, पण रंगाची खेप वेगळी असेल. नंबर तोच, तरी उन्हात धरलं की फरक डोळ्यात भरणार.

"दोन-दोन वाटून घ्या की," मावशी म्हणाल्या.

पण कुणाला किती लागेल हे दोघांनाही माहीत नव्हतं. त्याने जरा विचार केला. म्हणाला, लड्या माझ्याकडे राहू देत. तुम्ही दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत या. आठवड्यात जितकी पानं भरायची तितका दोरा न्या. पानाला एक हात.

"कुणाचा हात?" तिने विचारलं. "माझा की तुमचा?"

"माझा. लांब आहे, फायदा तुमचाच."

मावशींनी तोंडाला पदर लावला तो काही शिंकेसाठी नव्हे.

आता त्या टेबलक्लॉथचं तिला एवढं का पडलं होतं, तेही सांगायला हवं. ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नोकरीला होती. फळ्यावरची अक्षरं लोकांकडून वाचून घ्यायची, चष्म्याचे नंबर लिहायचे. तिथलं काम चोख. घरी मात्र तिच्या पलंगाखाली एक पेटी होती, आणि त्या पेटीत अर्धवट राहिलेल्या गोष्टींचं सगळं गणगोत नांदत होतं. एकाच डोळ्याचा पोपट. नाव नसलेलं होडकं. भाचीच्या बारशाला म्हणून घेतलेलं झबलं... ती भाची आता दहावीला बसली होती. टायपिंग अर्ध्यावर, पोहणं अर्ध्यावर, रोजनिशी फेब्रुवारीपर्यंत. घरी ताई तिला लाडाने आणि थोड्या रागाने 'अर्धी' म्हणायची.

ते तिला लागायचं. हसून साजरं करायची, पण लागायचं. म्हणून सत्ताविसाव्या वाढदिवसाला तिने एका कागदावर तीन नियम लिहिले आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. हे कापड पुरं झाल्याशिवाय नवं आणायचं नाही. आठवड्याला पाच पानं भरायची. भरलेलं उसवायचं नाही. निदान एक वस्तू, या दोन हातांनी, शेवटच्या टाक्यापर्यंत. मग जन्मभर कुणी काहीही म्हणो.

ताईने कागद वाचला आणि म्हणाली, "चौथा लिही. हा कागद मध्येच काढून टाकणार नाही म्हणून."

पण या वेळी नवल घडलं. पहिल्या शनिवारी पाच पानं झाली. दुसऱ्या शनिवारी सहा.

त्या मागच्या खोलीला खळीचा आणि जुन्या कागदाचा वास होता. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर उसवलेली पुस्तकं पाठ उघडी टाकून पडलेली. तो चहा करायचा. कप दोन, पण एकाचा कान तुटलेला. तो कप तो स्वतःकडे घ्यायचा. मग लडीचं टोक बोटात धरून हात लांब करायचा, खांद्यापर्यंत मोजायचा आणि कापून द्यायचा. एक, दोन, तीन... हळूहळू. त्याला घाई अशी कधी नसायचीच.

एकदा त्याने तिला एका जुन्या पुस्तकाची घडी उजेडात धरून दाखवली. दुमडीवर बारीक छिद्रांच्या रांगा. हे पुस्तक तीनदा शिवलंय, तो म्हणाला. दोरे गेले, शिवणारे गेले, सुईची भोकं तेवढी राहतात. तिने वाकून पाहिलं. दोघांची डोकी एकमेकांजवळ आली, आणि छिद्रं तिने मोजली, पण किती होती ते घरी जाईपर्यंत विसरली.

आठव्या शनिवारी एकोणसाठ पानं झाली. उरलं एक.

त्या आठवड्यात तिने ते भरलंही. टोक जरा बोथट आलं, म्हणून उसवलं. तिसरा नियम मोडला तेव्हा तिला वाईट वाटलं. दोरा तर वायाच जातो. उसवलेल्या रेशमाचा पिंजून कापूस होतो. म्हणून ती पुन्हा त्याच्याकडे गेली, आणि त्याने पुन्हा एक हात मोजून दिला. दुसऱ्यांदा टोक छान आलं होतं. तरी उसवलं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा उसवताना तर तिने पानाकडे नीट पाहिलंही नाही.

"गेल्या शनिवारी एकोणसाठ, या शनिवारी एकोणसाठ," ताई म्हणाली. "तुझ्या वेलीची पानं गळतात की काय गं?"

आजवर तिच्या हातून वस्तू पुऱ्या होत नव्हत्या. ही पहिलीच होती, की जी पुरी व्हावी असं तिला वाटत नव्हतं.

बाराव्या शनिवारी ती गेली तेव्हा खोली ओळखू येईना. टेबल स्वच्छ पुसलेलं. दाराशी त्याची कापडी पिशवी गाठ मारून ठेवलेली. आणि कपाटात छत्तीस खंड, ताठ, एका ओळीत... तिची नजर ओळीवरून फिरत गेली आणि शेवटाला थबकली. चौतीस पुस्तकांना शेवाळी गोट. शेवटच्या दोघांना पांढरी.

"हे असं का?"

"दोरा संपला."

"पुरायला हवा होता..."

"हवा होता खरा," तो म्हणाला. मग त्याने हात पुढे केला. "कापड बघू?"

द्यावं की न द्यावं, असं तिला झालं. दिलं. त्याने ते खिडकीशी नेलं, कोपरा उजेडावर धरला आणि रिकाम्या पानाच्या जागी अंगठा फिरवला. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"इथे चारदा सुई फिरलीय," तो म्हणाला.

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"दुसऱ्यांदा आलात तेव्हाच."

"आणि तरी दोरा देत राहिलात?"

"तुम्ही मागत होतात." त्याने मान जराशी खाली घातली. "मला हे काम शिकवणाऱ्या माझ्या वडिलांनी ही शेवटची दोन पुस्तकं पाहिली असती, तर दाभण घेऊन मागे लागले असते."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. बाहेर वाचनालयात कुणीतरी खुर्ची ओढली. त्याने कापडाची घडी घातली, पुन्हा उलगडली. म्हणाला, ग्रंथपालबाई राहायला सांगताहेत. वरच्या मजल्यावर अजून सातशे पुस्तकं आहेत. पाच वाजेपर्यंत उत्तर हवंय.

"मग तुम्ही काय..."

"बाईंनी पुस्तकांसाठी विचारलंय," तो म्हणाला.

"मला वाटतं, की तुम्ही..." ती थांबली.

त्याने तिचं वाक्य पुरं केलं नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं; ताई तर नेहमीच करायची. तो नुसता उभा राहिला, कोपरा हातात धरून, दोरा मोजताना उभा राहायचा तसा, बिनघाईचा.

"तुम्ही राहा," ती म्हणाली. "माझ्यासाठी राहा. मला तुम्ही आवडता. फार दिवस झाले. मी पान उसवत होते, कारण ते झालं की मला इथे यायला निमित्त उरलं नसतं."

एवढं बोलून झालं आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. एक अक्षरही आत राहिलं नव्हतं.

त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात शेवाळी दोरा, एक हात. एवढाच उरलाय, म्हणाला. यात एक पान होईल. उसवलंत तर मात्र...

"आज नाही उसवणार."

"मी बाईंना भेटून येतो," तो म्हणाला. दारातून मागे वळून पाहिलं आणि तसाच गेला. उत्तर काय देणार, ते त्याने सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही; सुईत दोरा ओवायलाच तिला तीन खेपा लागल्या. रोज दुसऱ्यांचे डोळे तपासणारी ती.

पान देठापासून वर भरत गेली. मध्यावर एक टाका तिरका पडला. बोटं सवयीने सुईचं टोक त्याखाली घालायला गेली... आणि तिने ती आवरली. पुढचा टाका घातला. त्याच्या पुढचा. कापड उलटं करून दोरा दोनदा अडकवला, कापला, आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसली. साठ.

तो आला तेव्हा पाचाला दहा मिनिटं होती. कापडावर वाकला.

"हा एक जरा तिरका गेलाय."

"असू दे," ती म्हणाली.

तो दाराशी गेला, पिशवी उचलून टेबलावर आणली आणि तिची गाठ सोडली. मग कात्री, दाभण, घडी दाबायची हाडाची पट्टी एकेक करून बाहेर काढून पुन्हा आपापल्या जागी मांडायला लागला.