गंजगोलाईतला पांढरा शेला

लातूर जिल्हा झाला. पाट्या नव्या, साहेब नवे... पाणी मात्र गेलं ते गेलंच. गंजगोलाईच्या बाजारात टँकर आला की माणसं माणुसकी घरी ठेवायची अन् घागरी घेऊन धावायची.

अशाच एका दिवशी टँकरच्या रांगेत कुणाच्या तरी लाथेनं उडालेली एक बादली रुद्राणीच्या पायाशी येऊन थांबली. मागोमाग तो आला. लोबसांग. थंडीत स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी लोकांतला.

"जा की आपल्या गावी!" आडत्या बसवंत ओरडत होता. "आम्हालाच न्हाई पाणी!"

"बादली द्या, अक्का," लोबसांग म्हणाला. अस्सल कानडीत!

रुद्राणी निलंग्याची, घरात कानडी. ती बघतच राहिली.

"कानडी कुठं शिकलास?"

"कर्नाटकात, मुंडगोडच्या तिबेटी छावणीत जन्मलो, अक्का."

"अक्का काय? धाकटी हाय मी तुझ्याहून."

"मग काय म्हणू?"

"...बघू."

"लवकर बघा. पाणी न्हाई मिळालं तर उद्या दुकान गुंडाळतोय आम्ही."

उद्या? तिनं बादली उचलली, पण दिली नाही.

"जाणार कुठं? तुझं खरं गाव कुठंय?"

"मी न्हाई पाहिलं. आईला विचारा."

मग विचारलंच तिनं. ईश्वरप्पामामाच्या स्टुडिओत ती लग्नांचे व्हिडिओ काढायची. तोच कॅमेरा खांद्यावर घेऊन ती स्वेटरांच्या ढिगाऱ्यापुढं उभी राहिली अन् लग्नातल्या सवयीनं बोलून गेली, "आई, जरा हसा की!"

म्हातारी खरंच हसली. हसत हसतच सांगू लागली. तिबेट सोडून बर्फातून चालत आलो. प्यायला पाणी नव्हतं. बर्फ तोंडात धरायचा, वितळला की लेकराच्या तोंडात सोडायचा.

"लेकरू?" रुद्राणीनं विचारलं.

"वाटेतच राहिलं," म्हातारी म्हणाली. हसू अजून चेहऱ्यावर तसंच होतं. ते पुसायचं तिला सुचलं नाही.

संध्याकाळी टँकरच्या रांगेसमोर स्वेटरांच्या ट्रंकेवर मामाचा टीव्ही चढला. पडद्यावर म्हातारी कानडीत बोलत होती, रुद्राणी शेजारी उभी राहून मराठीत सांगत होती. घागरींची ढकलाढकली थांबली. माणसं लगेच सुधारली असं कुणी समजू नये. पण बसवंतानं आपली घागर मागं ओढली अन् खाली बघतच म्हणाला, "लाव तुझी बादली."

बादली भरली. लोबसांग धावत आला अन् सगळ्यांदेखत त्यानं रुद्राणीच्या गळ्यात पांढरा रेशमी शेला घातला.

रांगेतून आवाज उठला, "अगं बया! पोरानं हार घातला की!"

मामाच्या हातातली वायर गळून पडली.

लोबसांग गोंधळला. "आमच्यात मान देतात असा..."

"आमच्यात नवरा घालतो."

त्याचे कान लाल झाले. "मग... काढू?"

रुद्राणीनं शेल्याची दोन्ही टोकं मुठीत आवळली.

"हात तर लावून बघ! अन् पुन्हा अक्का म्हणालास तर—"

"तर काय म्हणू?"

"रुद्राणी म्हण," ती म्हणाली. "पण आधी तिकडं, मामासमोर म्हणून दाखव."

लोबसांगनं बादली खाली ठेवली... अन् मामाकडं चालू लागला.