लाझार थट्टा करायचा थांबला

वाहिगुयाच्या धरणावरून गावात शिरताना एक चढ लागतो. त्या चढावर माझ्या बाबांच्या मोटारसायकलनं मान टाकली. मागे गिनी कोंबड्यांच्या जुड्या उलट्या टांगलेल्या, दातांत धूळ, डोक्यावरचं फडकं सुटलेलं... आणि मी गाडी ढकलतेय.

"चला, एका मोस्सीला तिच्या लायकीचं काम मिळालं," मागून कोणीतरी म्हणालं.

वळून पाहिलं. उंच, सडपातळ, कोपरापर्यंत ग्रीस, आणि डोळे असे खट्याळ की रागवायचं म्हटलं तरी जमू नये. बोलण्याचा हेल तूगान गावाकडचा, म्हणजे हा सामो.

"कुत्र्याची मुंडी खाऊन पोट भरलं असेल तर हात लाव," मी म्हणाले.

त्यानं हात लावला.

यात वाईट वाटून घेण्यासारखं काहीच नव्हतं. मोस्सी आणि सामो या आमच्या दोन जमातींत पणजोबांच्याही आधीपासून थट्टेचं नातं आहे. ते आम्हाला त्यांचे गुलाम म्हणतात, आम्ही त्यांना आमचे. आणि सामो कुत्र्याची मुंडी खातात, हा टोमणा तर ठरलेलाच. मयताच्या घरीसुद्धा ही थट्टा थांबत नाही. बंदी आहे ती फक्त रागवायला. जो रागावला त्याचं गावभर हसं होतं.

त्याचं नाव लाझार पारे. कडुनिंबाखाली त्याच्या काकांचं गॅरेज होतं, तिथे त्यानं इंजिन उघडलं, आत डोकावला आणि हळहळल्यासारखं करून म्हणाला, "गेलं. रडायचं असेल तर रडून घे, आम्ही गुलामांना तेवढी सवलत देतो." मग म्हणाला, भंगारात घाल, नवी गाडी घे. मी नाही म्हटलं. बाबा कोकोच्या मळ्यांत राबून ही गाडी आयव्हरी कोस्टहून चालवत घेऊन आले होते. लहानपणी मी तिच्या टाकीवर बसून शाळेत गेलेय. पण कोंबड्यांचा माझा धंदा आता वाढला होता, आणि त्या जुन्या ऐंशी सीसीच्या इंजिनाला चढ झेपत नव्हता.

लाझारनं चासीवरून, गाडीच्या सांगाड्यावरून, हात फिरवला. बराच वेळ. "हाडं चांगली आहेत," तो म्हणाला. "चासी हीच ठेवू. पोटात नवं घालू, चिनी, एकशे पंचवीसचं."

म्हणायला सोपं होतं. नवं इंजिन जुन्यापेक्षा लांब, त्याची भोकं चासीच्या भोकांना कुठेच जुळेनात. लाझारनं लोखंडाच्या जाड पट्ट्या कापल्या, त्यांना कानस मारली, लावून बघितल्या, काढल्या, परत कानस मारली. पट्ट्या बसल्या तर चेन तिरकी जायला लागली. चेन सरळ झाली तर दिव्याचा बल्ब उडाला, कारण नव्या इंजिनाची वीज जुन्या बल्बला सोसेना. मी रोज बाजार आटोपून जायची. तो मला हत्यारांच्या पेटीवर बसवायचा, चहाचा छोटा ग्लास हातात द्यायचा आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. मीही त्याच्या आठ पिढ्या सोडत नसे. काका म्हणायचे, या पोरीला कामाची घाई दिसत नाही.

खरंच नव्हती. घरी जाताना मी त्याची वाक्यं आठवून एकटीच हसायची, आणि मग मनात यायचं – गाडी झाली की रोज इथे यायला कारण काय उरणार?

एकदा बोलता बोलता तो थांबला. हात फडक्याला पुसला... नीट पुसला, बोटं न् बोटं. मग माझ्या केसांत अडकलेलं गिनी कोंबडीचं ठिपक्यांचं पीस अलगद काढलं.

"मोस्सी अंडी घालतात हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. पण आवाज जरा घोगरा झाला होता. मी ते पीस त्याच्या हातातून घेतलं आणि डोक्यावरच्या फडक्यात खोचलं.

इंजिन चालू झालं त्या दिवशी मी किल्ली मागितली, तर त्यानं दिली नाही. म्हणाला, "पळवेल गं हे तुला. पण थांबवणार कोण?" जुना ब्रेक नव्या ताकदीला पुरायचा नाही म्हणून त्यानं पुढचं अख्खं चाक बदललं, मानेपाशी चासीला पत्रा वेल्ड करून जोर दिला. मग मागे बसला आणि मला चालवायला लावली. धरणाचा चढ ती गाडी एका दमात चढली. मी ओरडले, तो मागे हसत होता, आणि त्याचा हात माझ्या खांद्याला जेमतेम टेकलेला होता. एवढं सुख मला कधी झालं नव्हतं.

परत आलो तेव्हा कडुनिंबाखाली चहाला चार माणसं बसलेली. लाझार उतरला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "अझेता, तुझ्या बाबांकडे काकांना कोलाची फळं घेऊन पाठवू का?"

कोला घेऊन जाणं म्हणजे मागणी घालणं. सगळे हसले. आणि मी आमच्याकडची कुठलीही पोरगी जे करेल तेच केलं.

"कुत्र्याच्या मुंड्या शिजवायला येऊ होय तुझ्या घरी? आधी तुझ्या मालकांची परवानगी काढ, म्हणजे आमची!"

हशा उसळला. काकांना ठसका लागला. लाझारही हसला. मी किल्ली घेतली आणि ऐटीत निघाले.

चेन ताणायला परत गेले तेव्हा तो उठून उभा राहिला. पेटी पुसून दिली. बाबा बरे आहेत ना, विचारलं. घरचे? धंदा? बाजार? सगळं रीतसर, एकेक करून. चेन ताणली, "सावकाश जा" म्हणाला. एक शिवी नाही, एक टोमणा नाही. पुढच्या खेपेलाही तेच. इतका आदर मला सोसवेना.

मी बाबांना सांगितलं. ते कोलाचा सुपारीएवढा तुकडा चघळत ऐकत होते, मग म्हणाले, "सामो मोस्सीला शिवी देत नाही म्हणजे तो आजारी तरी आहे, नाहीतर दुखावलाय. आणि दुखावलाय हे तो सांगणार कसा? आपल्यावर रागवायची त्याला बंदी आहे ना, पोरी."

माणूस चारचौघांत खरं बोलला आणि मी त्याला हसले होते.

सकाळी मी कोंबड्या न घेताच गेले. तो एकटाच होता, कार्बोरेटर धूत.

"त्या दिवशी तू खरं विचारलंस?"

"घरचे बरे आहेत ना?" तो मान खाली घालून म्हणाला.

"लाझार."

हात थांबले. "चारचौघांत विचारलं," तो हळू म्हणाला, "कारण नाही म्हणालीस तर थट्टा म्हणून निभावेल. वाटलं होतं, निभावेल... त्या पट्ट्यांना कानस मारत मारत हेच वाक्य घोकत होतो मी. दोन पट्ट्या चांगल्या बसल्या होत्या, त्या मुद्दाम वाया घालवल्या. तू उद्याही यावीस म्हणून."

"मी थट्टेला थट्टेनं उत्तर दिलं. तू खरं विचारलंस तर खरं सांगेन."

पेट्रोलच्या वासात आम्ही दोघं उभे. त्यानं श्वास घेतला.

"तुझ्या बाबांकडे काकांना पाठवू?"

"हो," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला, पुढच्या टोमण्याची वाट बघत. ओठ हसायच्या तयारीत, डोळे मात्र घाबरलेले... मी पुढे काहीच बोलले नाही.