सुईआईचं तिसरं तोंड

गाव सुईआई देवीची मूर्ती पैनगंगेत सोडणार, त्याआधी उज्वलाला मूर्तीखालची दगडी बैठक पाहायची होती. हाती फक्त आजचा दिवस होता.

किल्लारीच्या भूकंपाचा हादरा किनवटच्या या जंगलापर्यंत आला, तेव्हा देवीच्या अंगावरची शेंदराची खोळ एका बाजूने गळून पडली. पिढ्यान्‌पिढ्यांचा थर तो! आणि गालाशेजारी निघालं डुकराचं थोबाड. देवी भंगली, असं गावाने धरलं. भंगलेली मूर्ती पुजत नाहीत. उद्या दोर लावून ती कड्यातल्या कपारीतून उतरवायची ठरली होती.

उज्वला नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. बौद्धांची रक्षक देवी मारीची तिने चित्रात पाहिली होती. तीन तोंडं, त्यातलं एक डुकरिणीचं, हाती सुई-दोरा, बैठकीवर सात डुकरं. तशीच डुकरं इथे निघाली, तर ते थोबाड मूळचंच, देवी भंगलेलीच नाही! पुजारीण केवळाबाईला ते पटलं की गावाला पटणार होतं.

ओढ्यापाशी जीप सोडून तिघं सागाच्या रानातून चालू लागली.

"मॅडम, पोरं सगळी शिकायला लातूरला पळून राहिली," जीपवाला महेबूब म्हणाला. "तुम्हीबी तिकडं क्लास काढा. डुकरं मोजायचा!"

"गप चाल की रं, मेल्या," केवळाबाई हसली.

दरीत उतरताना वाट अरुंद झाली. भूकंपाने सैल झालेले धोंडे पायाखालून सुटत होते. बांबूच्या बेटातून अचानक पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं निघाली आणि तिघांच्या पायांतून पलीकडे पळाली.

केवळाबाई किंचाळली, "हालू नगा! आई मागंच असंल!"

उशीर झाला होता. बांबू कडाडले. रानडुकरीण सरळ अंगावर आली!

"वर! कड्यावर!"

ओरडतच महेबूब वर चढला. त्याने केवळाबाईला ओढून घेतलं. उज्वलाचा पाय घसरला! ती एका मुळीला लोंबकळली. खाली डुकरिणीने खडकाला धडक दिली. महेबूबने आपला डोक्याचा लांब रुमाल खाली सोडला.

"धरा, मॅडम! सोडू नका!"

तिने धरला. एक हिसका, दुसरा हिसका, आणि ती कपारीत येऊन पडली, थेट सुईआईच्या पुढ्यात.

डुकरीण खाली येरझारा घालत होती. उतरायची सोय नव्हती. उज्वलाने बैठकीवरचा शेंदूर खरवडायला चाकू काढला.

"देवीच्या अंगाला लोखंड लावायचं न्हाई!" केवळाबाईने तिचा हात धरला. मग स्वतःच दिव्याचं तेल बैठकीवर ओतलं आणि पदराने चोळायला बसली. हळूहळू शेंदूर सुटू लागला. एक मुस्कट दिसलं. मग दुसरं. ओळीने सात डुकरं रथ ओढत होती! वर एका हातात सुई होती, दुसऱ्यात दोरा.

"हे डुकराचं तोंड असं रागीट कशाला, बाय?" केवळाबाईने विचारलं.

"दुष्टांचे डोळे नि तोंड शिवून टाकते ती, मावशी. म्हणजे वाटसरू सुखरूप जातात."

महेबूबने खाली पाहिलं. डुकरिणीने पिल्लं गोळा केली होती. शेवटचं लंगडत आलं, तेव्हाच ती वळली आणि बांबूत दिसेनाशी झाली.

"रागीट तर हीबी होती," तो हळूच म्हणाला.

केवळाबाई तेलात शेंदूर कालवू लागली. आता पुन्हा सगळं झाकलं जाणार! मूर्ती स्वच्छ करून संग्रहालयात न्यावी, असं उज्वलाच्या मनात कधीपासून होतं. तिने चाकू मिटून ठेवला.

"लावा, मावशी. तुमचीच आहे ती."

"नदीत न्हाई जायची आता. गावाला मी सांगते." केवळाबाईने शेंदूर भरलेलं बोट उचललं, मधल्या चेहऱ्यापाशी नेलं आणि थांबली. मग आधी डुकरिणीच्या कपाळाला टिळा लावला, तिच्या मुस्कटापुढे गुळाचा खडा ठेवला.

"इतकी वर्सं उपाशी ठेवलं गं तुला," ती म्हणाली.