मोकळ्या खांद्यानं

मांजरसुंब्याच्या चौकात सुतळी आणायला गेलो होतो, तिथून हे सगळं सुरू झालं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझ्या चहाच्या हॉटेलावर बसणारे मला थापाड्या अंगद म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. आमच्या एडक्यानं एसटीचं हाफ तिकीट काढलं, ही बातमी मीच उठवली होती. पण आज मी गमतीत नाही. आज माझं टाळकं तापलेलं आहे. कंदील जरा इकडं सरकवा.

तर सुतळी. धाकट्या भावाच्या, सोमेश्वरच्या बॅगा बांधायला. आमच्या धनगराच्या घरात मेंढरांच्या रोगांवर डॉक्टरेट करणारा तो पहिलाच. नॉर्वेच्या विद्यापीठात त्याला संशोधनाची जागा मिळाली. बायको योगिता आणि सहा वर्षांची दीपमाला, दोघींना घेऊन तो तिकडं बिऱ्हाड थाटायला निघाला होता.

आमचा बा, धुळाजी, दोन वर्षांमागं गेला. लिंबागणेशच्या वरच्या माळावर, मेंढरांच्या तळावरच. रागाचा नुसता निखारा. काठी जमिनीवर आपटल्याशिवाय त्याला बोलताच यायचं नाही. सोमेश्वर शिकायला निघाला तेव्हा ह्या माणसानं त्याची पुस्तकं शेळ्यांना घातली. तेव्हापासून दोघांचं बोलणं तुटलं, ते बा मेला तरी जुळलं नाही. पण ह्याच बाच्या खांद्यावर रोज संध्याकाळी एखादं कोकरू असायचं. नुकतं जन्मलेलं, नाहीतर लंगडणारं. कोकरू नसलं तर दीपी. मोकळ्या खांद्यानं तो रानातून कधी माघारी आला नाही.

आमच्यात तळ हलवताना चुलीचे तीन दगड पालथे घालतात आणि घरातल्या एकेकाचं नाव घेतात. जित्या माणसाचं, गेलेल्याचंही. येणाऱ्याला 'चल' म्हणायचं, राहणाऱ्याला 'थांब'. बाची शेवटची चूल तशीच उभी होती. म्हणून निघायच्या दिवशी मी जीप आधी माळावर घेतली.

सोमेश्वरच्या पायात नवे बूट. सारखा घड्याळ बघत होता.

"दादा, उशीर होतोय. तूच घे नावं."

"जायचंय तुला. तुझ्या तोंडून पायजे."

त्यानं एक दगड पालथा घातला. योगिता, चल. दुसरा घातला. दीपमाला, चल. दादा, थांब. तिसऱ्या दगडापाशी त्याचा जबडा आवळला.

"बा... तू चल. चलच तू. बघ तिकडं येऊन, शिकून माझं काय वाटोळं झालं ते."

आणि तिसरा दगड त्यानं बुटानं लाथाडला.

"येड्या, थांब म्हन."

"म्हणायचं ते म्हटलंय. चल आता."

मी त्याच्याशी भांडत भांडत जीपपाशी आलो. दीपी मागच्या सीटवर खिडकीला चिकटून बसली होती, शेजारी माणूसभर जागा सोडून. मी दार ओढायला गेलो तर म्हणाली, "काका, हळू. आज्याचा पाय हाय."

योगिता तिच्यावर रागावली. मी दार लावलं. अगदी हळू लावलं.

तिकडं सगळं नीट मार्गी लागलं. विद्यापीठानं दुसऱ्या मजल्यावर घर दिलं, दीपीला शाळेत घातलं, तिच्यासाठी गुडघ्यापर्यंतचे बूट आणि लाल टोपी आणली. सोमेश्वर फोनवर बर्फ दाखवायचा, खूश असायचा. तो कामावर गेला की योगिताचा फोन यायचा. तिचा आवाज बसलेला.

"दादा, कपाटातून ओल्या लोकरीचा वास येतोय. आमच्या कपाटात लोकर कुठली..."

मग काठी सुरू झाली. जमिनीवर, खोलीच्या मधोमध, ठक... ठक. खालची म्हातारी दोनदा भांडायला वर आली. सोमेश्वरनं मला समजावलं, घर गरम ठेवायला पाण्याच्या नळ्या असतात, त्या वाजतात. मी त्याला लई शिव्या घातल्या. चूक तू केलीस, आता तोंडानं 'थांब' म्हण. तो म्हणाला, मी इथं विद्यापीठात काम करतो, भगत नाही.

योगितानं मागून हळूच फोन घेतला. "दादा, नळ्या खोकत न्हाईत."

डिसेंबरात एका दुपारी मी आणि जमील लिंबागणेशला होतो. जमील म्हणजे माझ्या हॉटेलाशेजारचा पंक्चरवाला. माळाच्या पायथ्याशी माझी जीप बंद पडली होती, ती तो बघत होता. ऊन छान पडलेलं. तेवढ्यात योगिताचा व्हिडिओ फोन आला. तिकडं सकाळ होती, पण उजाडलं नव्हतं. पडद्यावर काळोख, आणि काळोखात तिचा श्वास.

"दीपी बाहेर गेली... दार आतून बंद होतं, दादा..."

"सोम्या कुठाय?"

"मागं पळतायत. पण ती घावंना."

तिनं फोन खिडकीला लावला. खाली बर्फाचं पांढरं रान, लांब एक दिवा. दिव्याखालून सोमेश्वर धावत होता. त्याच्या पुढं लाल टोपी. टोपी सावकाश डुलत निघाली होती, आणि पळणारा माणूस मागं पडत होता.

"दादा, ती चालत न्हाई..." योगिता कुजबुजली. "ती उंचावर हाय."

खरंच होती. टोपी सोमेश्वरच्या डोक्याच्याही वर होती. उंच माणसाच्या खांद्यावर पोर बसावं, तशी. आणि टोपीखालच्या बर्फावर काही नव्हतं. पाऊलसुद्धा नाही.

मी माळ कसा चढलो ते मला माहीत नाही. जमील पाना हातात घेऊनच मागं आला. पालथे दगड मी सुलटे करून पुन्हा मांडले. काटक्या घातल्या, काडी ओढली.

"जमील, फोन धर. हात हलवू नको."

त्यानं पाना खाली टाकला आणि फोन दोन्ही हातांनी धरला.

धूर निघाला तसा मी ओरडलो, "बा, माघारी ये."

फोनमधून नुसती काठी ऐकू आली. ठक... ठक. लांब लांब जाणारी. मग माझं डोकं फिरलं. चाळीस वर्षं ह्या माणसासमोर मी तोंड उघडलं नव्हतं.

"म्हाताऱ्या, जित्तेपणी कुनाचं आयकलं न्हाईस. लेकराची पुस्तकं शेळ्यांला घातलीस. बोलावलं त्यानं, चुकलं त्याचं, पर ती पोर काय तुझ्या कळपातली हाय व्हय, घेऊन चाललास ती? तळ हितं हाय. चूल पेटलीय. तुझं रान हितं हाय. माघारी ये म्हन्तो ना."

काठी थांबली.

फोनमधे लाल टोपी झुकली आणि खाली आली. सोमेश्वरनं झडप घातली. योगिता रडायला लागली. नुसत्या झोपायच्या कपड्यांत ते पोर इतका वेळ बर्फात होतं, आणि सोमेश्वर ओरडून सांगत होता, ही गरम हाय, अंग गरम हाय हिचं.

इकडं वारा गावाच्या बाजूनं वाहत होता. चुलीचा धूर मात्र त्या वाऱ्यावर उलटा वळला, दोन बाजूंना फाकला आणि पुन्हा जुळला, जसं काही मधून कोणी गेलं. ओल्या लोकरीचा वास आला. विस्कटलेल्या राखेत एक अनवाणी पाऊल उमटलं होतं. मोठं, बाचंच. करंगळी वाकडी.

जमील वाकून बघत राहिला. लोखंडातला माणूस, त्याला भार कळतो.

"भाई, टाच बघ किती खोल गेलीय," तो म्हणाला. "हा मानूस वज्झं घेऊन आलाय."

त्या दिवसापासून जमील माझ्या एकाही गोष्टीला हसलेला नाही.

दीपी बरी आहे. शाळेत जाते, तिकडची भाषा पाण्यासारखी बोलते. पण त्या दुपारपासून तिच्या तोंडून मराठीचा एक शब्द आलेला नाही. आई हाक मारते, ती परक्या बाईकडं बघावं तशी बघते. काका म्हणून मी फोनवर हात हलवतो, ती बापाला विचारते, हा कोण. योगिता आता फोन करायची बंद झाली आहे. आणि सोमेश्वर मला शिकवतो. "दादा, ह्या वयात नव्या देशात पोरं भाषा विसरतात. नैसर्गिक आहे ते."

त्याचाच मला संताप येतो. अरे डॉक्टर, विसरतात म्हणजे काय होतं? विसरलेलं जातं कुठं, ते लिही ना तुझ्या संशोधनात.

चुलीचे दगड मी पालथे घातलेले नाहीत. घालून काय म्हणू? 'चल' म्हटलं तर म्हातारा पुन्हा तिकडं निघेल, खांद्यावरचं खाली ठेवणार नाही. 'थांब' म्हटलं तर कोणाला थांबवतोय मी?

काल दुपारी एकटाच माळावर गेलो होतो. ऊन होतं, लांब कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. मी चुलीपाशी उभा होतो.

"काका," आवाज आला. आमच्याच बोलीतला, बारीक, झोपेतून उठल्यासारखा. "आज्याला सांगा ना... मला खाली उतरव म्हनून."

मी सगळीकडं बघितलं. आवाज माझ्या डोक्याच्या वरून येत होता.